मध चालतो, साखर नाही

रेत्नोने गुळाची शेवटची टोपली उचलून काकाच्या गोठ्यात नेऊन ठेवली, हात झटकले आणि जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात साखर बंद."

हे जाहीर झालं तेव्हा त्याच घराच्या चुलीवर कढईभर नीरा रटरटत होती. पाक सुकिर्मान यांनी चाळीस वर्षं माडावर चढून नीरा उतरवली आणि त्यांच्या बायकोने, बू पार्तिनीने, चाळीस वर्षं तिचा गूळ पाडला. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू; घरात मुलांच्या तोंडी त्याचंच बापाक आणि इबू होतं. आता झाडावर धाकटा भाऊ चढतो, पण चूल अजून तिचीच. योग्याकार्ताच्या पश्चिमेच्या ह्या डोंगरावर आम्ही सगळेच गुळावर जगतो. अशा घरात साखरबंदी करायची म्हणजे कोळ्याच्या घरात मासेबंदी करण्यासारखं आहे. पण रेत्नो शिकलेली, तालुक्याच्या सहकारी संस्थेत नोकरीला, शिवाय त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्यापुढे बोलणार कोण?

"मग हे काय आहे?" बू पार्तिनीने उलथन्याने कढई दाखवली.

"ते विकायला. बापाकच्या तोंडात जायचं नाही."

"का पण?"

"इबू, साखरेवर कॅन्सर पोसतो. फोनवर डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"आहेत एक. पांढरा कोट घालून बोलतात."

"आपल्या डॉक्टरांनी सांगितलंय का?"

"आपल्या डॉक्टरांना बोलायला वेळ तरी असतो का?"

हे मात्र खरं होतं. पाक सुकिर्मान यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, केमोचे दोन डोस झाले, आणि तिसऱ्याच्या वेळी माणूस इतका खचलेला होता की मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "पाच आठवडे विश्रांती घ्या. वजन टिकवा. अठ्ठेचाळीसच्या खाली गेलात तर तिसरा डोस देता येणार नाही." त्या दिवशी काटा पन्नासवर होता. काय खायचं, काय नाही, हे विचारायच्या आत दारातून पुढचा पेशंट आत आला. रेत्नोने उरलेले प्रश्न फोनला विचारले.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांना तिने रीतसर विचारलं. "बापाक, साखर सोडाल ना?"

"हो," पाक सुकिर्मान म्हणाले.

आता ह्या 'हो'चं सांगायला हवं. आमच्याकडे समोरच्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावर पाणी ओतण्यासारखं. त्यामुळे माणूस 'हो' म्हणतो आणि मग त्याला जे करायचं ते करतो. पाक सुकिर्मान यांनी मुलीसमोर बिनसाखरेचा चहा हातात घेतला, मान हलवली, आणि मुलगी ऑफिसला गेल्यावर तो केळीच्या बुंध्यात ओतला. पेजही तशीच गेली. केमोनंतर त्यांच्या तोंडाला प्रत्येक गोष्ट लोखंडासारखी लागत होती. गोडाची चव तेवढी थोडी कळायची, आणि नेमकं तेच बंद झालं होतं. बू पार्तिनीने आठवड्याने त्यांना गुळाच्या काट्यावर बसवलं. एकोणपन्नासला जरा कमीच.

त्याच आठवड्यात बायका त्यांना बघायला आल्या.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला एकटं-दुकटं कुणी जात नाही. दुपारच्या नमाजानंतर बू लास्मी पुढे आणि मागे दहा-बारा जणी अशी रांग निघते. बू लास्मी म्हणजे आमच्या वस्तीतल्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. तिला कुणी निवडलेलं नाही, पण तिला काढणार कोण? प्रत्येकीच्या हातात ठरलेली भेट असते, एक किलो साखर आणि चहाचा पुडा. रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही, आणि आलेलं परत पाठवायचीही नाही. त्यामुळे तासाभरात रेत्नोच्या बिनसाखरेच्या घरात अकरा किलो साखर येऊन पडली.

रेत्नोने ती हसतमुखाने घेतली, आत नेली आणि सगळ्यांना चहा दिला. तत्त्वाची मुलगी ती. घरात साखर बंद म्हणजे बंद. सगळ्यांना बिनसाखरेचाच.

बू लास्मीने पहिला घोट घेतला आणि तिचा चेहरा जागच्या जागी थांबला. आमच्याकडे पाहुण्याला चहा द्यायचा तो ओठाला ओठ चिकटेल असा. बाकीच्यांनी तिच्याकडे बघितलं, मग आपापल्या ग्लासात बघितलं.

"कसा झालाय, बू?" रेत्नोने विचारलं.

"छान झालाय हो. हलका आहे अगदी," बू लास्मी म्हणाली आणि तिने ग्लास तळापर्यंत संपवला. बाकीच्यांनीही संपवला. एकीने तर आणखी मागितला. सभ्यपणा आमच्या अंगात असा मुरलेला आहे.

गोठा ओलांडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग बू लास्मी हळूच म्हणाली, "बघितलंत ना?"

"काय हो हे. गुळाचं घर, आणि चहात चिमूटभर साखर नाही."

"टोपल्याही दिसल्या नाहीत एकसुद्धा. सगळ्या विकल्या वाटतं."

"आजारपण माणसाला धुऊन नेतं, बाई."

"आणि तरी पोरीने हसून चहा दिला. धन्य आहे तिची."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आणखी आठ किलो साखर आली, ह्या वेळी सोबत तांदूळ, अंडी आणि एक जिवंत कोंबडी. तिसऱ्या दिवशी मशिदीतून साखरेची एक छोटी गोणी आली. चौथ्या दिवशी वस्तीप्रमुख स्वतः गरिबांच्या यादीचा कागद घेऊन आले आणि फोटो काढायचा म्हणून त्यांनी पाक सुकिर्मान यांना शर्ट काढायला लावला, कारण शर्टात ते जरा बरे दिसत होते.

"नाही म्हणायचं ना त्यांना," रेत्नो संध्याकाळी आईवर चिडली.

"तू का नाही म्हणालीस बायकांना?"

"त्या समोर बसलेल्या होत्या."

"वस्तीप्रमुख काय झाडावर बसले होते?"

घरात एव्हाना पंचवीस किलोच्या वर साखर झाली होती. पलंगाखाली साखर, कपाटावर साखर, शिवणयंत्राच्या पायात साखर. तिच्या मधोमध पाक सुकिर्मान बिनसाखरेची पेज चमच्याने ढवळत बसले होते. त्यांचा काटा साडेअठ्ठेचाळीसवर आला होता. बू पार्तिनी चुलीसमोर बसून रडायची, आणि कुणी आलं की म्हणायची, धूर फार झालाय.

शेवटी रेत्नोने वस्तीच्या ग्रुपवर संदेश टाकला. तासभर खपून लिहिला होता. कुणाचंही मन दुखावू नये म्हणून आधी सगळ्यांचे आभार, मग सगळ्यांच्या घरच्यांची खुशाली, आणि शेवटी एवढंच की बापाकना साखर वर्ज्य आहे, तुमची दुआ हीच भेट. पण लिहून झाल्यावर तिलाच वाटलं की लोकांना रिकाम्या हाताने यायला लाज वाटेल, आणि मग ते बघायला येणारच नाहीत. म्हणून तिने खाली जोडलं, "मध मात्र चालतो." फोनवरचे पांढऱ्या कोटातले डॉक्टर मधाबद्दल काही वाईट बोलले नव्हते. शिवाय मध म्हणजे औषध, असं आमच्याकडे लहान पोरही सांगतं.

रविवारपर्यंत घरात सत्तावीस बाटल्या मध जमला.

आता साखर ही साखर असते, तिच्यात खरं-खोटं काही नसतं. मधाचं तसं नाही. आणलेला मध अस्सल आहे हे दाखवल्याशिवाय कुणी हलेना. पाक सुकिर्मान यांच्या अंगणात अर्धा दिवस मधाच्या परीक्षा चालल्या. एकीने काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवून दाखवली. दुसरीने वर्तमानपत्रावर थेंब टाकून कागद उलटा धरला. बू लास्मी मात्र सगळ्यांच्या वरताण. तिने आपल्या बाटलीतला चमचाभर मध पायरीवर ओतला आणि म्हणाली, "अस्सल मधाला मुंगी लागत नाही. बघा तुम्ही."

सगळे वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने एक मुंगी आली. ती परत गेली आणि सगळं खानदान घेऊन आली.

कोंबडीच काय ती बोलत होती.

"ह्या घरच्या मुंग्या गुळावर वाढलेल्या," बू लास्मी शांतपणे म्हणाली. "त्यांना मधातलं काय कळतंय?"

सगळ्यांनी हो हो म्हटलं. खरंच आहे, म्हटलं.

रेत्नोने त्याच संध्याकाळी कोमट पेजेत दोन मोठे चमचे मध घालून ती वडिलांना दिली. पाक सुकिर्मान यांनी एक चमचा तोंडात घेतला. थांबले. जिभेवर घोळवला. मग सावकाश मान वळवून त्यांनी बायकोकडे बघितलं. बू पार्तिनी कौलं मोजत होती.

"कसा आहे मध, बापाक?" रेत्नोने विचारलं.

"चांगला आहे," ते म्हणाले, आणि वाटी संपवली. महिन्याभरात पहिल्यांदा वाटी संपली होती. रेत्नो ती धुवायला म्हणून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

त्यांनी का मान वळवली, त्याचं कारण बू पार्तिनीला दुपारीच कळलेलं होतं. सगळे गेल्यावर तिने एकेक बाटली उघडून करंगळी बुडवली होती. चाळीस वर्षं गूळ पाडणाऱ्या बाईची जीभ ती. नीरा आंबू नये म्हणून ती तिच्यात चुन्याबरोबर मंगुस्तानाच्या फळाची साल टाकते, जरा जास्तच टाकते, आणि चुलीत फणसाचं लाकूड घालते. पहिल्या बाटलीत तिला मंगुस्तान लागलं. दुसरीत फणसाचा धूर. सत्तावीसपैकी एकोणीस बाटल्यांत तिचाच गूळ होता. बाजाराबाहेर सायकलवर मध विकणारा एक माणूस बसतो, तो गूळ घेऊन पातळ करून, थोडं आंबट काहीतरी घालून बाटल्या भरतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि आमच्या बायकांनी तो मध जंगलातला म्हणून दसपट भावाने आणला होता.

आता सांगायचं कुणाला? बायकांना सांगावं तर एकोणीस घरांची नाचक्की, आणि त्यात बू लास्मीचं घर पहिलं. रेत्नोला सांगावं तर हाही गोडवा गोठ्यात जाणार. आणि समोर नवरा वाटी चाटून पुसून संपवतोय. बू पार्तिनी गप्प बसली. नुसती बसली नाही, उरलेल्या आठ खऱ्या बाटल्या तिने पलंगाखाली साखरेच्या मागे ढकलल्या, कारण खरा मध नवऱ्याच्या तोंडातल्या फोडांना झोंबत होता. जी बाटली संपेल तिच्यात ती रेत्नो ऑफिसला गेल्यावर कढईतला पातळ काकवीसारखा गूळ भरून ठेवायला लागली.

"इबू, बघितलंत?" एके दिवशी रेत्नो म्हणाली. "मधात काय ताकद असते. आणि संपतच नाहीये."

"अल्लाची कृपा," बू पार्तिनी म्हणाली.

पाक सुकिर्मान खाली बघून पेज खात होते. त्यांच्या खांद्यांना जरा हिसके बसल्यासारखे झाले, पण त्यांनी तो खोकला आहे असं सांगितलं.

पाच आठवडे संपले तेव्हा गुळाच्या काट्यावर ते एकोणपन्नासच्या आसपास होते. पण तो घरचा काटा. इस्पितळाचा काटा काय म्हणेल, ह्या विचाराने तिघंही रात्रभर जागी. सकाळी भाड्याची गाडी केली. पाक सुकिर्मान यांनी दोन शर्ट घातले होते, आणि खिशात टॉर्च का घेतलाय हे त्यांना कुणी विचारलं नाही.

नर्सने दोन्ही शर्ट आणि टॉर्च काढून घेतला. काटा हलला, थरथरला आणि थांबला. अठ्ठेचाळीस किलो सातशे.

"बसतंय," नर्स म्हणाली. "आज डोस देता येईल."

रेत्नोने भिंतीला हात टेकला. बू पार्तिनी मात्र काट्याकडे संशयाने बघत होती. गूळ विकणाऱ्या बाईचा परक्या काट्यावर कधी विश्वास नसतो. जन्मभर व्यापाऱ्यांचे काटे तिला कमी दाखवत आलेले.

"हे मशीन कमी दाखवतंय," ती म्हणाली. "घरी एकोणपन्नास होते."

"इबू, झालं ना काम? चला आता."

"तू चढ बघू. तू चोपन्नची आहेस. ईदचे कपडे शिवले तेव्हापासून चोपन्न. चढ."

"कशाला उगीच?"

"चढ म्हणते ना."

मागे रांग होती, नर्स बघत होती. रेत्नो चढली. काटा अठ्ठेचाळीस किलो सहाशेवर थांबला.

बू पार्तिनीने टाळीच वाजवली. "बघा. म्हटलं नव्हतं? साडेपाच किलो कमी दाखवतंय. म्हणजे हे चोपन्नचे आहेत. अहो, तुम्ही चोपन्नचे आहात." मग ती नर्सकडे वळली. "बाई, लिहिलेलं खोडा. चोपन्न लिहा."

"आजी, मशीन बरोबर आहे," नर्स म्हणाली आणि स्वतः चढली. "मी एकसष्ट. काल एकसष्ट, आज एकसष्ट."

बू पार्तिनीने नर्सकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. हिशेब तिला जरा उशिरा लागला. पाक सुकिर्मान यांना आधीच लागला होता. ते आपल्या मुलीच्या मनगटाकडे बघत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

रेत्नोने बाही मनगटावर ओढून घेतली.

"रेत्नो."

"तुम्हाला घरी पाठवलं त्या दिवसापासून," ती म्हणाली. "पांढरं व्रत धरलंय. चाळीस दिवसांचं. चार राहिलेत."

पांढरं व्रत आमच्याकडे जुन्या बायका धरायच्या. नुसता पांढरा भात आणि पाणी. मीठ नाही, तिखट नाही, गोड नाही, आणि कुणाला सांगायचं नाही. हल्लीच्या मुली असलं काही करत नाहीत. ही दुपारी ऑफिसात भात खायची आणि रात्री सांगायची की ऑफिसात पोटभर झालंय. घरात सगळ्यांचं लक्ष एकाच माणसाच्या वाटीवर. तिच्या वाटीत कुणी डोकावलंच नव्हतं. आमच्यापैकीही कुणी नाही, आणि आम्ही तर रोज त्या घरात डोकावत होतो.

"हे पण फोनमध्ये होतं का?" बू पार्तिनीने विचारलं.

"नाही. हे आजीचं," रेत्नो म्हणाली आणि काट्यावरच उभी राहून रडायला लागली. नर्सने मागच्या रांगेला थोडं थांबायला सांगितलं.

ह्या सगळ्या प्रकारामुळे नर्सने त्यांना डोसच्या आधी आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. त्या तरुण होत्या, आणि नवलाची गोष्ट म्हणजे त्यांना वेळ होता. रेत्नोने डोळे पुसून फोन पुढे केला आणि साखरेचं विचारलं.

"साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, असं सरळ गणित नसतं," त्या म्हणाल्या. "आणि शरीराला मध काय नि साखर काय, दोन्ही सारखीच. नुसत्या गोडावर कुणी राहू नये, पण ह्यांचं वजन टिकणं जास्त महत्त्वाचं. गोड घातल्याने पेज पोटात जात असेल तर घाला."

"दोन्ही सारखीच?" बू पार्तिनीने विचारलं.

"सारखीच. फक्त जंगलातला कच्चा मध सध्या नको. अंगातली ताकद कमी असते, बाधा होऊ शकते."

"कच्चा नाही तो. उकळलेला आहे."

"तुम्ही मध उकळलात?"

बू पार्तिनी मांडीवरच्या पिशवीशी चाळा करत राहिली. "आधी मी उकळला," ती शेवटी म्हणाली. "मग सायकलवाल्याने उकळला. मग परत मी."

आहारवाल्या बाईंना काही कळलं नाही. रेत्नोला कळायला थोडा वेळ लागला. तिने आईकडे बघितलं, मग वडिलांकडे. पाक सुकिर्मान यांना परत तो खोकला आला होता.

"बापाक, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या चमच्याला."

"मग बोलला का नाहीत? साखर सोडाल का विचारलं, तेव्हा तरी बोलायचं."

"तू एवढी धावपळ करत होतीस," ते म्हणाले. "माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं तुला. म्हटलं, करू दे. मला काय, थोडं कमी जेवलो."

आहारवाल्या बाईंनी मधल्या वेळात छापील कागद काढून त्यावर पाक सुकिर्मान यांचं नाव लिहिलं होतं. कुठल्या वेळेला काय आणि किती खायचं, त्याचा तक्ता होता तो. त्यांनी तो पुढे केला. पाक सुकिर्मान यांनी तो घेतला नाही.

"नको," ते म्हणाले.

बू पार्तिनीने दचकून त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती.

"माझं बसतंय वजन. ते नाव खोडा आणि हिचं घाला. आणि तुझं व्रत आज सुटलं, रेत्नो. डोस मिळाला, काम झालं. चार दिवसांचं मी बघून घेतो."

बाईंनी हसून नाव खोडलं आणि खाली रेत्नोचं लिहिलं, आणि त्यांच्यासाठी दुसरा कागद काढला.

अर्ध्या तासाने पाक सुकिर्मान केमोच्या खुर्चीत होते. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात मुलीचा कागद, चष्मा नाकाच्या टोकावर. समोर स्टुलावर रेत्नो. ते एकेक ओळ मोठ्याने वाचत होते आणि ती मान हलवत होती.

"सकाळी अंडं, एक. दहा वाजता पेज, एक वाटी. त्यात मध किंवा साखर, दोन चमचे, जे आवडेल ते." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काय आवडेल तुला? आज खरं सांगायचं."

रेत्नोने आईकडे बघितलं.

"इबूंचा मध," ती म्हणाली.